राणीच्या बाहीवरचं सोनं

"राणी परत बोलला," विहान कुजबुजला.

"बोलली," मालविका म्हणाली आणि तिनं वहीत लिहिलं: सव्वापाच. सलग तिसऱ्या दिवशी तीच वेळ.

हाफ-टर्मच्या सुट्टीत ही भावंडं लंडनमधल्या एजवेअरहून मेडनहेडला मनीषाकाकूकडे आली होती. शेजारच्या लानआजी ऑपरेशनसाठी गेल्या होत्या. जाताना त्यांनी व्हिएतनाममधल्या घराची उरलेली एकमेव वस्तू काकूकडे सोपवली होती: झाडाच्या चिकाचा लाल-सोनेरी लेप दिलेली जुनी लाकडी मूर्तींची जोडी, पंखांची टोपी घातलेला दरबारी सरदार आणि त्याची पत्नी. तिलाच मुलं 'राणी' म्हणत. काकूनं हात जोडले आणि दोघांना देवघरात बसवलं. देवघर होतं रेडिएटरच्या वरच्या फळीवर.

रोज संध्याकाळी 'टक्' असा बारीक आवाज येई आणि राणीच्या बाहीवरून सोन्याचा एक कण गळे. मालविका तो काडेपेटीत जपून ठेवी. संध्याकाळच्या उजेडात तिला वाटे, राणी खरंच काहीतरी मागते आहे. आणि परवा तर लानआजी येणार होत्या.

"विहान, मूर्तीला बॉल लागला ना तुझा?" काकूनं विचारलं.

"मी टच पण नाही केलं, काकू. प्रॉमिस."

मालविकानं शाळेच्या प्रोजेक्टचं हवेतला ओलावा मोजायचं यंत्र देवघरात ठेवलं. चोवीस. खिडकीपाशी एकोणपन्नास.

"काकू, हीटिंग पावणेपाचला लागतं. लाकूड वाळून आक्रसतं, वरचा लेप तडकतो. त्यांना तिथून हलवूया?"

"देवांना असं उठवतात का कुणी? आणि थंडीत बसवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मालविका काकूच्या नकळत देवघरापाशी गेली. तिनं रेडिएटरची चावी हळूच शून्यावर फिरवली.

सव्वापाच वाजले. साडेपाच झाले. राणी गप्प. काकू शाल गुंडाळून फळीला कान लावून उभी होती.

"बंद केलंस ना तू?"

"हो."

काकूनं निरांजन बाजूला सरकवलं आणि त्या जोडीला स्वतःच्या हातांनी मागच्या गार खोलीत नेलं. "विहान, सॉरी रे," ती म्हणाली.

पुढच्या सकाळी परतलेल्या लानआजींनी सगळं ऐकलं आणि काडेपेटी उघडली. आत तीन सोनेरी कण होते.

"हे परत चिकटवता येतील," त्या मालविकाला म्हणाल्या. "एकही हरवला नाहीस तू."

काकूची मान खाली गेली. "मला ते देवच वाटले."

"माझे पणजोबा-पणजी आहेत. मीही त्यांना रोज उदबत्ती लावते," आजी हसल्या. "पण गार खोलीत."