कावळकड्याचा चितारी

कावळकड्यावर पहाट झाली, पण नगारखान्यात चौघडा वाजला नाही. जळलेल्या अंबारखान्याचा धूर तेवढा सावकाश दरीत उतरत होता. आदल्याच दिवशी, सरदार सिदोजीराव रणपिसे यांनी धाडलेल्या अभयाच्या कौलावर भरवसा ठेवून किल्लेदाराने दरवाजा उघडला होता, आणि निःशस्त्र बाहेर पडलेली दोनशे माणसे, बायकापोरांसह, तटाखालीच कापली गेली होती. पुढे कामी येतील म्हणून कारागीर तेवढे राखले. त्यांत नागोजी चितारी होता. त्याची बायको सगुणा मेलेल्यांत होती.

वर्षभराने, परमुलखात, सिदोजीरावांनी आपल्या नव्या दरबारमहालाची भिंत नागोजीला दाखवली.

"आम्ही शिड्या लावून, झुंजून गड घेतला, तो प्रसंग रेखाट. दसऱ्याला शेजारच्या राज्यांचे वकील येणार आहेत."

नागोजीने मुजरा केला. "आज्ञा, सरकार. मात्र काम पुरं होईतो पडदा कुणी सारू नये."

दसऱ्याला भरदरबारात पडदा सरला. भिंतीवर शिड्या नव्हत्या, झुंज नव्हती. उघडा दरवाजा होता, रिकाम्या हातांची माणसे होती, किल्लेदाराने उंच धरलेला कौल, त्यावर रणपिशांचा शिक्का, आणि भाल्याखाली कोसळलेली सगुणा.

"हे काय काढलंस?" सिदोजीराव गरजले.

"पाहिलं ते, सरकार."

"आत्ताच्या आत्ता चुना फिरव. जीव वाचेल."

नागोजीने मान वर केली. "आमचं गाव गेलं, मेलेल्यांना चितासुद्धा मिळाल्या नाहीत. माझ्या माणसांना ही एवढी भिंत मिळाली. ती मी पुसणार नाही."

त्याच्या उजव्या हाताची बोटे तिथेच तोडली गेली आणि त्याला महालाबाहेर हाकलण्यात आले. सांजेपर्यंत भिंतही पांढरी झाली. पण वकिलांनी पाहायचे ते पाहिले होते; ते विडा न घेता उठून गेले. पुढच्या मोहिमेत रणपिशांच्या कौलावर एकाही गडाने दरवाजा उघडला नाही, आणि तिसऱ्या वेढ्यात त्यांची फौज उपासमारीने मोडली.

नागोजी परतला नाही. परतायला गाव उरले नव्हते. नदीकाठच्या एका धर्मशाळेत तो डाव्या हाताने रेघा ओढायला शिकला. देशोधडीला लागलेले कावळकड्याचे लोक शोधत येत आणि आपल्या मेलेल्यांचे चेहरे मागत.

एकदा कासारआळीतल्या म्हातारीने लेकाचे चित्र काढून घेतले. नाक तिरके झाले, ओठ एका बाजूला ओढला गेला.

"हात ऐकत नाही, आजी," नागोजी खजील होऊन म्हणाला.

म्हातारीने कागद डोळ्यांजवळ नेला. ओढल्या गेलेल्या ओठावरून तिने बोट फिरवले.

"हसू दाबताना असाच दिसायचा," ती म्हणाली, आणि कागद पदराखाली घेऊन उन्हात चालू लागली.