समासातला प्रश्न

"समलिंगी हक्कांच्या राजकारणावर काही मिळेल? वर्तमानपत्री नको हं... संदर्भ म्हणून देता येईल असं."

मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक तरुणी: काखेत हेल्मेट, कानामागे पेन्सिल, आणि डोळे असे की माणसाने आपलंच नाव विसरावं.

"राज्यशास्त्रात शोधू नका," मी म्हटलं. "मनोविकारांच्या कपाटात, तिसरा कप्पा, डावीकडून पाच पुस्तकं. आधीच्या ग्रंथपालांनी तिथेच कोंबलीत."

"अय्या! यादीसुद्धा न बघता?"

मेले! जीभ चावली मी. "नोकरी आहे माझी. आणि ती पेन्सिल आधी आत ठेवा. पुस्तकात रेघ दिसली तर माझ्यासारखी वाईट कोणी नाही."

"घाबरले बाई," ती हसली. घाबरलेली मुळीच दिसत नव्हती.

तासाभराने ती एक पुस्तक उघडं धरूनच आली. "तक्रार आहे. कोणीतरी समासात लिहिलंय."

पान बघताच ओळखलं मी. सहा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, कपाटाआड उभ्याने वाचलेलं पुस्तक. घरी कधी नेलं नाही. कार्डावर नोंद राहते, आणि नोंद म्हटली की उद्या आईपर्यंत पोचायची. 'एकमेकींना शोधणाऱ्यांमुळेच चळवळ उभी राहिली' या ओळीशेजारी मीच लिहिलं होतं — मग बाकीच्या कुठे आहेत?

"द्या, खोडते," मी म्हटलं.

"खबरदार!" तिने पुस्तक छातीशी धरलं. मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं. 'पुस्तकात लिहू नये.' तीही मीच लिहिलेली. ती पुस्तकाकडे बघे, पुन्हा पाटीकडे... मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं.

"अक्षर छान आहे," ती हळूच म्हणाली, आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे परत गेली.

संध्याकाळी पुस्तक काउंटरवर आलं. माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीने लिहिलेली नवी ओळ होती — 'एक इथे आहे. खिडकीजवळ. चहा घेणार?'

खोडरबर हातात घेतला मी. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण त्याहून जास्त आनंद होत होता. खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकला. मग माझं कार्ड काढलं आणि ते पुस्तक स्वतःच्या नावावर चढवलं.

पुस्तक पिशवीत घालून मी खिडकीजवळ गेले. ती हेल्मेटच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत होती, मान खाली घालून.

"साखर कमी," मी म्हटलं.