फिरत्या घरातली यादी

“गोल दिसतोय?” डॉ. मृणाल घैसासांनी विचारलं.

“दिसतोय की. लाल हाय. लिंबाएवढा,” भरतेश चौगुले म्हणाले. त्यांची हनुवटी यंत्राच्या पट्ट्यात अडकवली होती आणि उजव्या बुबुळावर एक भिंग चिकटवलं होतं. एस.टी.च्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. यंत्रात आपण डोकं घालायचं, यंत्रानं आपल्या डोक्यात हात घालायचा नाही, असं त्यांचं सरळ मत होतं. पण बायकोसाठी ते बसले होते.

चौथ्या सेकंदाला गोलाची कड विरली. सातव्या सेकंदाला गोल गेला.

“दिवा बंद केलासा व्हय?”

“दिवा चालूच आहे, काका. तो तुमच्या मेंदूनं बंद केला,” डॉ. इम्तियाज मुजावर म्हणाले. घैसासबाईंचे हे तरुण सहकारी शेजारच्या पडद्यावर आकडे बघत होते. “आपला डोळा सतत बारीक थरथरत असतो, म्हणून समोरचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर सारखं हलत राहतं. हा स्थिरप्रतिमक तुमच्या थरथरीबरोबर गोलालाही हलवतो. मग पडद्यावर काही बदलतच नाही. आणि जे बदलत नाही त्याची बातमी मेंदू देत नाही.”

“कशाला देईल?” घैसासबाई म्हणाल्या. “अंगातला सदरा तुम्हाला दिवसभर जाणवतो का? पंख्याचा आवाज ऐकू येतो का? ही निरोगी सवय आहे. त्रिशलाबाईंच्या मेंदूत ती सवय बेलगाम झाली आहे. आम्ही या आजाराला सवयलोप म्हणतो. आपल्याकडे अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ना, तिथं निदान अवज्ञा करायला वस्तू शिल्लक असते. इथं वस्तूच जाते. रंग, आवाज, स्पर्श, सगळं. आणि रिकामी जागा मेंदू आपल्या सोयीनं भरून टाकतो, त्यामुळे काही गेलं हे माणसाला कळतही नाही.”

त्रिशला कोपऱ्यातल्या खुर्चीत शांत बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या तळव्याला पट्टी होती. मागच्या आठवड्यात त्यांनी तापलेल्या तव्यावर हात टेकला होता, कारण त्यांच्या दृष्टीनं शेगडीवर तवा नव्हताच. त्याआधी भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं, मग फडताळ, मग अंगणातला शेवगा. शिवणकामाला बसताना मात्र त्या तरबेज होत्या, कारण कापड रोज नवं असायचं.

“घर बदललं तर?” भरतेशनी विचारलं.

“नवं घर सहा महिन्यांत जुनं होतं. मुक्काम आला की सवय आली. मुक्कामच नको. घरगाडी घ्या. आपणहून चालणारी मिळते. त्यात कायमचं राहायचं, तीन दिवसांवर कुठं थांबायचं नाही.”

“आणि गाडीच्या आतलं?” मुजावर मध्येच म्हणाले. “मॅडम, ते सांगायला हवं. मेंदू स्थिरता तुलनेनं मोजतो, काका. घरात हजार गोष्टी स्थिर असतात, त्यामुळे एकेक पुसायला वर्षं लागतात. पण भोवतीचं सगळं बदलत असताना एकच गोष्ट तशीच राहिली, तर तिचा नंबर आधी लागतो. म्हणून गाडीतलं सामानही बदलतं ठेवायचं.”

भरतेश उठले. त्यांनी सांगलीतलं ते घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधलं होतं. पायाच्या एकेका दगडाशी त्यांची ओळख होती. “घर सोडून रस्त्यावर राहायचं? मी घर सोडणार न्हाई,” ते तावातावानं म्हणाले. “हिला काय ते औषध द्या.”

त्रिशलांनी नवऱ्याकडे बघितलं.

औषध नव्हतंच. दोन आठवडे भरतेश घरात येरझाऱ्या घालत राहिले. शेजारी म्हणाले, या वयात बिऱ्हाड पाठीवर कशाला घेताय? मग एका दुपारी त्रिशला ओसरीच्या पायरीवरून पडल्या. हजारो वेळा चढलेली पायरी त्यांच्यापुरती जमिनीत गेली होती. भरतेशनी त्यांना उचललं आणि त्याच संध्याकाळी घरगाडी ठरवली. आधी तीन महिने भाड्यानं राहून बघायचं आणि मग कायमचं ठरवायचं, असा बेत झाला.

एकदा हो म्हटल्यावर मात्र फोरमनसाहेबांनी कसूर ठेवली नाही. घैसासबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी दृश्यसूची तयार केली. गाडीतल्या दोनशे चाळीस नोंदी, चाळणीपासून चपलेच्या खिळ्यापर्यंत. दुपारी चार वाजता प्रश्नवाचक नावाची एक डबी रोज नव्या आवाजात एकेक नाव उच्चारायची, त्रिशला त्या वस्तूकडे बोट दाखवायच्या आणि भरतेश खूण करायचे. पडदे आठवड्याला बदलले जात, ते त्रिशलाच शिवत. ताटल्या बाजारात देऊन दुसऱ्या घेतल्या जात. पलंग कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला. आतली भिंत त्यांनी तीन महिन्यांत पाच वेळा रंगवली.

आंबोली झाली, गोकर्ण झालं, बिदर झालं. पहिल्या आठवड्यात दोनशे अकरा खुणा होत्या, दुसऱ्या महिन्यात दोनशे तीस. त्रिशला खिडकीशी बसून बगळे मोजायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. तव्याला हात लागला नाही की ठेच लागली नाही. भरतेशना आनंद झाला होता, आणि आनंदी माणूस बारीकसारीक गोष्टींकडे बघत नाही. त्रिशला अलीकडे कमी बोलतात हे त्यांना दिसलं, पण प्रवासाचा शीण असेल. हाक मारली तरी मान वळत नाही, तर बाहेर बघण्यात रंगली असेल. दुरडीत पाचाऐवजी दोनच भाकऱ्या दिसू लागल्या, तेव्हा आपली साखर वाढू नये म्हणून हिनं मुद्दाम कमी केल्या, असं समजून त्यांना बायकोचं कौतुकच वाटलं. ते निमूटपणे स्वतःचा भात लावून घेऊ लागले.

नव्वदाव्या दिवशी गाडी बदामीच्या तळ्याकाठी उभी होती. दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस. भरतेशनी सकाळीच सांगलीचं घर विकल्याच्या खतावर गाडीतूनच अंगठा उमटवला होता. ठरलं होतं. राहायचं ते गाडीतच. त्यांनी डॉक्टरांना पडद्यावर बोलावलं आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखी यादी समोर धरली.

“उत्तम!” घैसासबाई म्हणाल्या. “गाडीत जुनं असं काही ठेवलं नाहीत ना?”

“खिळासुद्धा न्हाई. ह्या गाडीत तीन महिन्यांपूर्वीची एक वस्तू दाखवा, मिशी उतरवतो.”

मुजावर यादी वाचत होते. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, परत वर गेले.

“काका,” ते हळूच म्हणाले, “या यादीत तुम्ही नाही आहात.”

भरतेश हसले. “मी काय सामान हाय व्हय?”

पडद्यापलीकडे कुणी हसलं नाही. मुजावरांनी आवाज थोडा चढवला. “काकू, जरा इकडे बघता का? मी डॉक्टर मुजावर. गाडीत कोण कोण आहे तुमच्याबरोबर?”

“मी एकटीच की,” त्रिशला म्हणाल्या. भरतेश त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. “हे घरी हायत. घर सोडणार न्हाई म्हणालं तुमच्याच समोर. गाडी बिचारी सगळं करती, पण माणूस न्हाई ना बोलायला.”

भरतेशनी तिचं मनगट धरलं. “त्रिशला, अगं हितं हाय मी. बघ की.” त्यांनी मनगट घट्ट दाबलं. त्रिशलांनी हात चोळला आणि हाताला मुंग्या आल्या म्हणत पडद्याचं शिवण पुन्हा हातात घेतलं.

काखेत कळसा म्हणतात तो असा. सगळं बदलून टाकायचं म्हणून चमचासुद्धा न सोडणाऱ्या माणसानं गाडीत एकच जुनी वस्तू ठेवली होती, आणि ती रोज चार वाजता पेन्सिल घेऊन बसत होती. भोवतीचं जितकं नवं, तितका तो लवकर पुसला गेला. भरतेशना हे समजायला कुणी आकडे दाखवावे लागले नाहीत. त्यांना रडू आलं आणि ते मोठ्यानं रडले. रडणं बायकोला ऐकू जाईल ही लाज बाळगायचं काही कारण नव्हतं.

“यादी मी तपासली होती,” घैसासबाई म्हणाल्या. “चूक माझी आहे.”

“मी लांब गेलो तर? दिसीन परत?”

“दिसाल. आमच्या दुसऱ्या एका रुग्णाचा तवा आठ वर्षं घरात होता, तो वर्षभर कपाटात ठेवल्यावर परत दिसला. प्रमाण साधारण आठास एक असं आहे. तुमचं लग्न होऊन…”

“छत्तीस वर्षं. म्हणजे साडेचार.” त्यांनी हिशेब केला. “तेवढी हिच्याकडं हायत काय?”

“दोन,” बाई म्हणाल्या. “फार तर अडीच. पुढे श्वासाचीसुद्धा सवय होते, आणि मेंदू तोही सोडून देतो.”

मग मुजावरांनी चाचरत एक वाट सांगितली. माणूस ओळखायला मेंदू तीन खुणा वापरतो: चेहरा, आवाज, पेहराव. तिन्ही बदलल्या तर ती व्यक्ती नवी ठरते, आणि नवी व्यक्ती दिसते. मात्र दोन खुणा ओळखीच्या झाल्या, की मेंदू तिसरी जमेस धरत नाही आणि माणूस पुन्हा पुसला जातो.

“म्हणजे मी दिसीन?”

“दिसाल,” मुजावर म्हणाले. “पण तुम्ही म्हणून नाही.”

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या संस्थेकडून कंठपालट आला. गळ्याला चिकटवायची नाण्याएवढी चकती, तिच्यामुळे आवाज दुसऱ्याचा होतो. भरतेशनी पैजेप्रमाणे मिशी उतरवली. बदामीच्या बाजारातून तयार शर्ट आणला. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोच्या हातचाच शर्ट घातला होता, त्यामुळे दुकानात त्यांना आपलं मापही सांगता येईना. सकाळी दहाच्या सुमारास ते गाडीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी दार वाजवलं.

“कोण?” त्रिशलांनी वर बघितलं, थेट त्यांच्या डोळ्यांत. दोन महिन्यांनी! भरतेशच्या काळजात लख्ख झालं. बोलायचं काय ठरवलं होतं ते सगळं ते विसरून गेले.

“मला… डॉक्टरांनी पाठवलंय. मदतीला,” ते परक्या आवाजात म्हणाले.

“या, बसा भाऊ.”

छत्तीस वर्षांचा संसार त्या एका शब्दानं दाराबाहेर राहिला. ते बसले. त्रिशलांनी चहा टाकला आणि दोन कप काढले, हेही त्यांनी बघितलं. बोलायला माणूस मिळाल्यावर त्या भरभरून बोलत सुटल्या. घराबद्दल, शेवग्याबद्दल, आणि सगळ्यात जास्त नवऱ्याबद्दल. “डॉक्टरीणबाई म्हणत्यात, ह्या गाडीतच कायमचं राहा. पण ह्यांना विचारल्याबिगर मी कसं ठरवू? घरी मला काय दिसंना झालं तरी चालंल. त्यांच्याजवळ तर असीन. तुम्ही जरा विचारून याल काय त्यांना, घरी येऊ का म्हणून?”

भरतेश खाली उतरले. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. तळ्यावर बायका कपडे धूत होत्या. स्वतःलाच विचारायचं आणि स्वतःच उत्तर आणायचं, एवढाच काय तो नवरेपणा उरला होता. घर गेलं होतं आणि असतं तरी तिथं ती पायरीवरून पडलीच असती. ते परत वर आले.

“हितंच राहा म्हणाले.”

“आणि ते?”

“मी हायच की, म्हणाले.”

त्रिशला हसल्या. “तसंच म्हणत्यात. छत्तीस वर्षं तेच ऐकतेय. आलं मात्र न्हाईत.” त्यांनी पदरानं डोळे टिपले, आणि मग त्यांची नजर पाहुण्याच्या खांद्यावर थांबली. “शर्ट तयार घेतलासा व्हय? खांद्यात उतरलाय बघा. काढा. द्या हिकडं.”

“नको, राहू दे.”

“द्या हो. आमच्या ह्यांचा खांदा साडेअठरा. तुमचाबी तेवढाच दिसतोय.”

द्यायला नको होता. मुजावरांनी काय सांगितलं होतं ते त्यांच्या डोक्यात होतं, पण बायकोच्या हातचा शर्ट अंगात घालायचा मोह त्यांना आवरला नाही. एका खुणेनं काय होतंय? बनियनवर ते अर्धा तास तिच्यासमोर बसून राहिले. तिनं शिवण उसवली, खडूनं रेघ ओढली, टीप घातली, दोरा दातानं तोडला. मधूनमधून ती त्यांच्याकडे बघत होती. घामानं गळ्यावरची चकती सुटू लागली होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं शर्ट झटकून पुढे केला. त्यांनी घातला. वर्षानुवर्षं बसत आल्यासारखा तो खांद्यावर बसला आणि त्यांच्या तोंडून सवयीनं शब्द निघून गेले.

“बरोबर बसला गं.”

चकती मांडीवर पडली होती. आवाज त्यांचा स्वतःचा होता.

त्रिशला दोऱ्याचं रीळ हातात धरून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग दारापाशी गेल्या आणि दोन्ही बाजूंना वाकून बघितलं.

“भाऊ? अहो भाऊ, न सांगता गेलासा व्हय?”