वूफर खिडकीखाली

दारातून आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. हॉलमध्ये एक अनोळखी तरुण चक्क रांगत होता. सोफ्यावर, पाहुण्याने बसावं तसा, एक काळा सबवूफर स्पीकर ठेवलेला — आणि त्यातून धीमी धडधड येत होती.

"काही पडलं का?" मी विचारलं.

त्याने मान तेवढी वर केली. "आवाज शोधून राह्यलो."

तो उत्कर्ष. माझ्या घरमालकीण रत्नमालाकाकूंचा मुलगा. धनजला कृषी सहायक म्हणून बदली झाली, म्हणून आदल्या संध्याकाळीच कारंज्याला घरी राहायला आलेला. आणि मी धम्मदीपा, त्यांची भाडेकरू, दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून परतले होते. माझ्या खोलीचं दार त्याच हॉलमध्ये उघडायचं, त्यामुळे हॉल आमचा सगळ्यांचाच.

"वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा," तो सांगू लागला, "अन् आपण भिंतीकडेनं रांगायचं. जिथं आवाज भरीव अन् साफ लागला, ती त्याची जागा."

झोप कुठे पळाली कोण जाणे... मी पर्स ठेवली आणि गुडघ्यांवर बसले. कोपऱ्यात आवाज घुमत होता, टीव्हीखाली पोकळ वाटत होता. एका ठिकाणी मात्र तो अलगद छातीत उतरला. मी थांबले. पलीकडून रांगत आलेला तोही तिथेच थांबला. आमच्यात वीतभर अंतर... त्याच्या कपाळाला जळमट चिकटलं होतं.

"इथंच," मी म्हणाले.

"हो. पण इथं नाई ठेवता येत."

"काहून?"

"या भिंतीमांगं तुमची खाट हाय, आई सांगत होती. दिवसा झोपता ना तुमी."

त्याने वूफर समोरच्या खिडकीखाली ठेवला, जाड सतरंजीवर. तिथे आवाज जरा फिकाच लागायचा. संध्याकाळी धनजहून आला की आधी विचारायचा, "झोप झाली?" — आणि मगच बटण दाबायचा.

"इतका हौसेनं आणला, अन् माह्या परवानगीनं वाजवता?"

"तुमी आयकता म्हणून तर लावतो," तो वायरकडे बघत म्हणायचा.

मग सोफ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. मध्ये काकू वाल सोलत बसायच्या. कधी एखादं गाणं संपायचं, आणि दुसरं लावायला त्याचा हातच उठायचा नाही...

एके दिवशी काकू हळूच म्हणाल्या, "बाई, दुसरी खोली पाह्य. जवान पोरगं घरी आलं, लोकं बोलतात."

उत्कर्ष तिथेच उभा होता. वायर गुंडाळत राहिला.

मी दवाखान्याजवळ खोली घेतली. सामान लावलं, गादी अंथरली. रडायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढं मात्र जमलं नाही.

चार दिवसांनी, संध्याकाळी, दार वाजलं. उत्कर्ष होता. मी आत या म्हटलं नाही, तोही आला नाही.

"आईले मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुमाले दुसरी खोली पाहाले सांग म्हणून."

"तुमी? कायले?"

"मले तुमाले एक विचाराचं होतं. आमच्या छताखाली विचारलं असतं, तर नाई म्हणायले तुमाले जागा राह्यली नसती. भाडेकरीण कशी म्हणन नाई? आता हे तुमचं घर हाय. आयकून दार लावून घेतलं तरी चालते."

"मंग विचारा."

"माह्याशी लग्न करसान का?"

खाली रस्त्यावरून एसटी गेली. ती वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

"आमच्या गावाले, आसेगावले, जायचं तर मंगरूळपीरले गाडी बदलावी लागते," मी म्हणाले. "रविवारी बाबा घरीच असतात. काकूले संग आना."

तो मान हलवत जिना उतरला. दार मी कितीतरी वेळ लावलं नाही.