दोन्हीकडे सारखं

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला वाचायला बंदी केली, तेव्हा बायकोने एक जाडजूड कादंबरी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायला घेतली. दुपारी मी झोपलो की ती स्वयंपाकघराचं दार लावून एकेक प्रकरण वाचायची आणि छोट्या प्लेयरमध्ये भरून द्यायची. शेवटचं प्रकरण राहिलं आणि ती गेली. मग मीही ते वाचलं नाही. पुस्तकाची ती पानं छापखान्यातून आली तशीच, न कापलेली, एकमेकांना जोडून होती.

अलीकडे प्लेयर मधूनच बंद पडायचा. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. शेवटी परवा सकाळी धीर करून तो कॉम्प्युटरला जोडला आणि मुलीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बाबा, कॉम्प्युटर चावत नाही. सिंक दाबा."

"दाबलं. विचारतोय, कुठून कुठे?"

"प्लेयरमधून कॉम्प्युटरमध्ये. नीट वाचून दाबा हं."

नीट वाचणं हे एकच काम मला जमतं अशी माझी समजूत होती. पडद्यावर डावीकडे कॉम्प्युटरचं चित्र, उजवीकडे प्लेयरचं, मधे बाण. पुस्तकातली ओळ वाचावी तसं डावीकडून उजवीकडे वाचलं, बरोबर वाटलं आणि दाबलं.

प्लेयर रिकामा झाला. पडद्यावर काय दिसतंय ते मी तिला वाचून दाखवलं.

"अहो बाबा, उलटं केलंत! कॉम्प्युटरचं फोल्डर रिकामं होतं, म्हणून त्याने प्लेयरही रिकामा केला. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं." तिला हुंदका फुटला. "आई गेली ना सगळी..."

कशाला हात लावायला गेलो? घाबरून मी वायर उपसून काढली.

वायर माझ्या हातात लोंबत होती. पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र पुन्हा सरकू लागली. रिकाम्या कॉम्प्युटरमधून प्लेयर भरत होता.

पट्टी पूर्ण झाली. प्लेयरच्या बारक्या स्पीकरमधून तिचं घसा साफ करणं ऐकू आलं. मग ती वाचू लागली. मला रडूच आलं. दोन-तीन वाक्यांनंतर लक्षात आलं, हा मजकूर माझ्या ओळखीचा नाही.

कपाटातून पुस्तक काढलं. भाजीच्या सुरीने जोडलेली पानं कापली. शेवटचं प्रकरण. ती शब्दन् शब्द तेच वाचत होती.

पान उलटल्याचा आवाज आला. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "दमलीस का? थोडं थांब."

तो माझा आवाज होता. तिच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी तिथे कधीच नव्हतो.

"बाबा?" फोनवरून मुलगी म्हणाली. "हा आईचाच आवाज ना? तुम्ही कोणाशी बोलताय?"

मी बोलत नाहीये, असं मी म्हणालो. ओठ हलले. घशातून काहीच बाहेर पडलं नाही.

"मी बोलत नाहीये," प्लेयर म्हणाला.

"बाबा, असे लांबून का बोलताय? फोनजवळ या ना."

मी फोन तोंडाशी धरला. जीव खाऊन मुलीला हाक मारली. हाक प्लेयरमध्ये उमटली, बारीक, दार लावलेल्या खोलीतून यावी तशी.

आणि त्यामागून बायकोचा दबका आवाज.

"अहो, हळू. तिला ऐकू जाईल."