बारमाही विहिरीचं पान

“हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही. मानलंत तर मलाच वाईट वाटेल, की माझी गोष्ट एवढी मिळमिळीत झाली,” असं म्हणून दीनानाथांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर न मारताच ओठाला लावला.

पुसदच्या बसस्टँडसमोर बबनरावचं हॉटेल आहे. सकाळची गर्दी ओसरली की दीनानाथ तिथे येऊन बसत, आणि बबनराव गॅस बारीक करून ऐकायला उभा राही.

“मागच्या खेपेले तुमी वाघाले उमरखेडच्या बसमधी बसवलं होतं,” बबनराव म्हणाला. “आमी ते बी मानलं.”

“बसवला नव्हता. तो उभ्यानेच आला. त्या दिवशी गर्दी होती.”

कोपऱ्यातल्या बाकावर ढाणकीच्या बसची वाट पाहत एक तरुण शिक्षिका बसली होती. बबनराव तिला मॅडम म्हणे. ती हसली. नवीन माणूस हसलेलं दिसलं की दीनानाथांचा आवाज आपोआप चढायचा. तो चढला.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर दीनानाथांनी पांढऱ्या मिशीसकट एक नवी नोकरी धरली होती, बिनपगारी. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश असतो, त्यात ते प्रचालक, म्हणजे देखरेख करणारे, होते. तिथे कोणीही यावं, कुठल्याही पानावर लिहावं. मग दोघांची जुंपते. एकाने लिहिलं की दुसरा पुसतो, दुसऱ्याने लिहिलं की पहिला. अशा वेळी पंच लागतो. पंच काय करतो? ऐका, कारण गोम इथेच आहे. पंच मजकुराकडे बघत नाही. पान त्या क्षणाला जसं असेल तसं कुलूपबंद करतो आणि दोघांना म्हणतो, आता चर्चापानावर जाऊन भांडा. ज्याचा मजकूर बाहेर राहिला तो शिव्या देतो. पंचाने त्या खायच्या आणि हसायचं.

“मी कोणाची बाजू घेतलेली नाही,” दीनानाथ म्हणाले. “आमच्या आजोबांनी काढलेल्या वाचनालयाच्या पानावरून कोणीतरी आजोबांचंच नाव उडवलं. भांडण झालं. माझ्या कुलपात सापडलं ते आजोबा नसलेलं पान. बायको महिनाभर धड बोलली नाही. पण मी हात लावला नाही. वादातल्या पानावर माझ्या हातचं एक अक्षर कोणी दाखवावं, मी मिशी उतरवीन.”

आणि हे सांगताना ते खरोखरच ताठ बसले होते.

वाद उद्भवला तो फुलसावंगीकडच्या एका तांड्याच्या पानावर. खेमसिंग नाईक तांडा. पान एवढंसं. लदेणीच्या काळात, म्हणजे बैलांवर माल लादून तांडे फिरत तेव्हा, इथे मुक्काम पडे. मुक्कामाला दगडी विहीर आहे आणि ती बारमाही आहे. हे लिहिणारा रूपसिंग, त्याच तांड्यातला शेतकरी. त्याच्या विरुद्ध एक बिननावाचा माणूस होता. तो तेवढंच वाक्य खोडून लिहायचा, ‘विहीर बुजलेली आहे.’

दीनानाथांनी दोघांना संदर्भ मागितला. रूपसिंगने चर्चापानावर लिहिलं, ‘साहेब, आमी तिचं पानी पितो. अजून कोनता संदर्भ पाह्यजे?’

दुसऱ्याने एकच ओळ लिहिली. ‘मी ती खालून पाहिली आहे.’

“चावट असेल कोणी,” बबनराव म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं. त्याला बंदी घातली. तो दुसऱ्या दारानं आला.”

मग एके दिवशी भर दुपारी रूपसिंगच दीनानाथांच्या दारात उभा राहिला. डोक्याला रुमाल, हातात मोबाइल. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून बसला, प्यायला नाही.

“तुमी कुलूप लावता म्हने.”

“लावतो. पण तुमचंच वाक्य राहील असं सांगता येत नाही.”

“तेच बोलाले आलतो.” तो ग्लासातल्या पाण्याकडे पाहत होता. “थो बुजली असं लिवते ना, तवा पानी खाली जाते. मी परत लिवतो, मंग येते. आता खाली लय लवकर जाऊन राह्यलं.”

दीनानाथ थापा मारण्यात हयात घालवलेला माणूस. दुसऱ्याची थाप त्यांना लांबून ओळखू येई. ही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते फुलसावंगीच्या बसमध्ये बसले आणि पुढे रूपसिंगच्या मोटरसायकलवर.

सोयाबीन निघून गेलं होतं. पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटायला लागली होती. तांडा टेकाडावर आणि विहीर टेकाडाच्या पायथ्याशी. काळ्या दगडाची, रुंद तोंडाची. दोर घासून घासून काठाच्या दगडात बोट जाईल अशा खाचा पडलेल्या. वाकून पाहिलं तर गार वाफ तोंडावर आली, शेवाळाचा वास आला आणि बेडकं ओरडायची थांबून पुन्हा ओरडू लागली. पाणी हाताच्या अंतरावर वाटावं इतकं वर होतं.

काठावर रूपसिंगची आई होती, बसंतीबाई. आरशांची कांचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. विहिरीवरची पहिली घागर तिची, असा तांड्याचा रिवाज. ती भरेपर्यंत बाकीच्या बाया घागरी कमरेवर घेऊन उभ्या.

“याडी, हे पुसदचे साहेब,” रूपसिंग आईला म्हणाला.

“पानी पाह्याले आले का प्याले?” बसंतीबाईने विचारलं. “निसतं पाह्याले आले असतीन तं तिकडं सावलीत बसवा, आमचा नंबर खोटी होते.”

बाया हसल्या. तिने ओंजळीत पाणी ओतलं. पाणी गोड होतं. दोर ओढता ओढता तिने दीनानाथांना पोरंबाळं किती ते विचारलं, आणि आपली सगळी, लेकी-नातवंडांसकट, एका दमात नावानिशी सांगून टाकली. दीनानाथांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बोलू दिलं नव्हतं. त्यांना ती फार आवडली.

तिने दुसऱ्यांदा घागर आत सोडली, आणि रूपसिंग हातातल्या मोबाइलकडे पाहून हळूच म्हणाला, “बदललं त्यानं.”

आधी बेडकं थांबली. ती पुन्हा ओरडली नाहीत.

मग घागरीचा आवाज आला. बुडण्याचा नाही. दगडावर टणत्कार व्हावा तसा.

दीनानाथांनी वाकून पाहिलं. तोंडावर वाफ आली नाही. पाणी खाली गेलेलं नव्हतं, तळच वर येत होता. सावकाश, दूध उतू जाण्याआधी चढतं तसा. माती, त्यात दगडगोटे, एका जुन्या दोराचं टोक.

शेवाळाचा वास गेला. उन्हात तापलेल्या मातीचा आला.

काठाचा दगड त्यांच्या तळहाताखाली होता. मग तळहाताखाली काही नव्हतं.

सपाट जमीन होती. तीवर वाळलेला तरोटा. शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, जशा काही महिन्यांपासून खुळखुळत असाव्यात.

बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी ओरडलं नाही. एकीने शेजारणीला विचारलं, “कायले आलतो वं आपन इकडं?”

शेजारणीला आठवेना. त्या परत फिरल्या, एकामागून एक, टेकाडावर.

“अन् बसंतीबाई?” बाकावरच्या मॅडमनी विचारलं. त्यांच्या हातातलं बिस्किट मघापासून तसंच होतं.

“ती तिथेच,” दीनानाथ म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले. “हात पुढे धरून. हातात दोर असल्यासारखा.”

“तिले आठवत होतं?”

“विचारायला वेळ कुठला. रूपसिंगला तेवढं सगळं आठवत होतं. तो म्हणे, पानावर ज्याची नजर असते, त्याच्याच ध्यानात राह्यते, माह्या अन् तुमच्या. पण पायथ्याशी मोबाइलची रेंज येई-जाई, आणि नेमकी तेव्हा गेली. तो मोटरसायकलच्या सीटवर उभा राहिला, हात वर करून, एका अंगठ्याने लिहीत. मी त्याचे पाय धरले होते. वजनदार माणूस आहे हो.”

बबनराव हसला नाही.

रूपसिंगने वाक्य परत लिहिलं. दीनानाथांच्या पायाखाली ओल आली. मग दगड आला, खाचांसकट. मग वाफ, शेवाळ, बेडकं. पाणी आधी होतं तिथवर, वर.

“आणि बसंतीबाई काठावर,” दीनानाथ म्हणाले. “जशीच्या तशी. मला म्हणते, साहेब, वाकू नका, पडान.” त्यांनी बशी खाली ठेवली. बशीत चहा होता. “मग मी माझा मोबाइल काढला, डोळे मिटले आणि कुलूप लावलं. त्या क्षणाला विहीर पानावर होती, हे तांड्याचं नशीब. बुजलेली असती तर बुजलेली लागली असती. रूपसिंग पाया पडायला लागला. मी म्हटलं, पाया पडू नका, मी तुमची बाजू घेतलेली नाही. मी फक्त नियम पाळला. आज त्या तांड्याला पाणी आहे ते या माणसाने मजकुराला हात लावला नाही म्हणून. छाती पुढे काढून सांगतो. कोणाला सांगू नये असं त्यात काही नाही.”

रस्त्यापलीकडे ढाणकीची बस लागली. कंडक्टरने गावांची नावं घेतली. मॅडम उठल्या नाहीत.

“बस लागली तुमची,” बबनराव म्हणाला.

“जाऊ द्या.” त्या मोबाइलवर काहीतरी वर सरकवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सरकवत होत्या. मग त्यांनी मान वर केली. “काका, तुमी खोटं बोलले.”

“मॅडम, ते आमाले पयल्या दिवसापासून ठाऊक हाये,” बबनराव म्हणाला.

“विहिरीचं नाही. विहिरीचं खरं हाये.” त्या दीनानाथांकडे पाहत होत्या. “मी उज्ज्वला. रूपसिंग माझे बाबा. त्या पानाचा इतिहास, कोणी कधी काय बदललं ते, माझ्यासमोर उघडा हाये. कुलपाच्या आधीचा शेवटचा बदल बाबांचा नाही. तुमचा हाये.”

दीनानाथांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“एकच ओळ वाढवली तुमी,” उज्ज्वला म्हणाली, आणि शिकवताना वाचतात तशी वाचली. “‘विहिरीवर पहिली घागर रोज बसंतीबाई भरतात.’ बदलाचं कारण लिहायची जागा असते, ती बी तुमी मोकळी सोडली नाही. तिथं लिहिलं हाये, ‘विहीर आली, बाई आली नाही.’”

बबनरावने गॅस बंद केला.

“दोन महिने झाले, आजी कोणाशी बोलत नाही. माझं नाव तिले आठवत नाही, बाबांचं बी नाही. यवतमाळले नेऊन दाखवलं, डॉक्टर म्हणाले तब्येत चांगली हाये. सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, पहिली घागर भरते,” ती म्हणाली. “अन् भरली का तशीच उभी राह्यते काठावर. मंग काय करायचं, ते तिले माहीत नाही.”