राजाच्या स्वप्नाला 'हं'

अहिल्याला कुणी काहीही सांगत असलं की 'हं... हं...' करायची भारी खोड. नवरा, शंतनू, चिडवायचा, "अगं, उद्या कोणी तुझं घर उचलून नेतो म्हणालं, तरी तू हं म्हणशील!" आठवडाभर शिकागोचा प्रोजेक्ट, शुक्रवारी विमानाने श्रूजबरीला घरी, असं तिचं वर्षभर चाललं होतं. तीन वर्षांची लेक निधी आपल्याला विसरेल, ही भीती मात्र तिचं काळीज कुरतडायची.

२००४च्या फेब्रुवारीतला तो शुक्रवार. दुपारपासून बर्फ भुरभुरत होता. इंडियन ग्रोसरीच्या दारात जगन्नाथकाका कुडकुडत उभे दिसले. खालच्या अपार्टमेंटमध्ये पुतण्याकडे राहायचे, हिमालयातल्या कुठल्याशा चिमुकल्या राज्यातले. तिथे यादवी माजली होती. तिने त्यांना गाडीत घेतलं.

"काका, तिकडे तुम्ही काय करायचात?" आपलं काहीतरी बोलायचं म्हणून तिने हिंदीत विचारलं.

"महाराजांची स्वप्नं ऐकायचो."

म्हातारा फिरकी घेतोय, असं तिला वाटलं.

"वाईट स्वप्न पडलं की मला बोलावणं यायचं. ज्योतिषी राज्याचं भाकीत करायचे, मी नुसतं हं म्हणायचो. जो हं म्हणेल, त्याच्या गळ्यात ते स्वप्न पडतं. महाराज सुटतात."

"मग?"

"बंडखोर वेशीशी आले, त्या दिवशीचं स्वप्न. महाराज स्वतःच्याच राजवाड्यापुढे उभे, आणि दारवान विचारतो, कोण पाहिजे? ज्योतिषी म्हणाले, गादी जाणार. मी हं म्हणालो. गादी राहिली." काकांनी ओठ चाटले. "घरी गेलो, तर माझ्याच बायकोने दार किलकिलं करून विचारलं, कोण पाहिजे? मुलगाही ओळखेना. हा पुतण्या इथेच जन्मलेला. त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून निभावलं."

अहिल्याने हीटर आणखी वाढवला.

"पोरी, याला हं म्हणू नकोस."

"हं, नाही म्हणत," ती बोलून गेली.

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. पलीकडे कोणीतरी "बाबा! बाबा!" म्हणत होतं.

"माझा मुलगा," काका म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले. उतरताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"काहीतरीच बाई!" अहिल्या स्वतःशीच पुटपुटली. हातांत पिशव्या होत्या, म्हणून तिने कोपरानेच बेल दाबली.

निधीची पावलं धावत आली. दार उघडलं.

निधीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वळून ओरडली, "बाबा, कोणीतरी काकू आल्यात!"

लहान आहे, अहिल्याने स्वतःला समजावलं. आठवडाभर दिसलो नाही आपण.

हात पुसत शंतनू आला. तिच्याकडे बघून आदबीने हसला.

"कोण पाहिजे आपल्याला?"